गौरीच्या वाट्याचं चूर्ण

कौस्तुभला जायचं होतं शेजारच्या श्यामरावांच्या गोठ्यात आणि पौषातल्या धुक्यात तो शिरला भाग्यश्रीच्या अंगणात. ती शेण भरत होती. हा नागपूरकडचा जनावरांचा डॉक्टर मोठ्या गांभीर्यानं म्हणाला, गाईच्या ढेकरा मोजायच्या आहेत... भाग्यश्रीला हसू आवरेना. कुरुद गावातून कारखान्याची एवढी धुराडी दिसतात, ती सोडून याला आमच्या गाईचं पोट दिसलं!

हिरडा, लसूण आणि रिठ्याचं चूर्ण ढेपेत, म्हणजे सरकीच्या पेंडीत, घातलं की गाईच्या पोटातला मिथेन वायू कमी होतो म्हणे. तेच त्याला पडताळायचं होतं. श्यामराव राहिले बाजूला, अभ्यासाला भाग्यश्रीच्याच दोन गाई मिळाल्या. चंद्रीला चूर्ण, गौरीला नुसती ढेप, आणि दर मंगळवारी दोघींच्या नाकाशी नळी बांधून मोजणी आणि वहीत नोंद.

तो नळी बांधायचा, ती गाईची मान धरायची. बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही गाईकडेच बघत राहायचे. एकदा त्यानं विचारलं, मी आलो की गौरी डोळे का मिटते?

"लाजून राहिली," भाग्यश्री म्हणाली. "घरच्यावर गेली."

पण तिच्या जिवाला घोर होता. पहिल्या दिवसापासून ती गौरीलाही चूर्ण घालत होती. एका पंक्तीत एकीला वाढायचं आणि दुसरीला नाही, हे तिच्या आईनं, ठकूबाईनं, घरात कधी होऊ दिलं नव्हतं. त्यामुळे सगळी मोजणी बिघडते, हे तिला उशिरा कळलं. सांगावं तर गोठा अभ्यासातून जाणार, आणि कामाशिवाय तरण्या माणसाचं घरी येणं बाबांना चालणार नव्हतं. तो तिला आवडत होता, फार आवडत होता. आणि त्याच्याच वहीत ती खोटं भरत होती.

एका मळभाच्या दुपारी तिला राहवलं नाही.

"डॉक्टर, मी दोघींलेही चूर्ण देऊन राहिली. एकीनं खायचं अन् दुसरीनं पाहायचं... मले नाही जमलं."

तो नळीची गाठ सोडवत राहिला. "मले माहीत आहे. तीन आठवड्यांपासून. दोघींचा वायू सारखाच उतरून राहिला ना."

"मग कावून नाही बोलले?"

"बोललो असतो तर... यायचं कोणत्या कारणानं?"

 तिला वाटलं, म्हणावं, राहू द्या तसंच. पण या आकड्यांच्या भरवशावर उद्या लोक आपल्या जनावरांना चूर्ण घालणार होते. तिनं वही त्याच्यापुढे धरली.

त्यानं दोन्ही गाईंच्या नावांवर रेघ मारली. खाली लिहिलं, ही चूक मला ठाऊक होती आणि मी ती लपवली. भाग्यश्री घाबरली. वरच्या सरांनी हे वाचलं की काम त्याच्याकडून काढणार, त्याला नागपूरला परत पाठवणार. तिनं लिहू नका म्हणून विनवलं.

"तुम्ही खरं बोलल्या," तो म्हणाला. "मी खोटा राहिलो, तर तुमाले तोंड कसं दाखवू?"

नळ्या पिशवीत भरून तो फाटकाशी थांबला.

"एकदा विचारलं असतं ना," ती हळूच म्हणाली, "तर कारण मी दिलं असतं."

त्यानं फाटक ओढून घेतलं. मग तो रस्त्याला लागला.

पुढच्या मंगळवारी कारखान्याच्या पाळीवरून आलेल्या बाबांनी विचारलं, आज डॉक्टर कावून नाही आले? भाग्यश्रीनं दोन्ही घमेल्यांत नुसती ढेप कालवली आणि म्हणाली, त्यांचं काम झालं.