डब्यातलं सॉकेट

धाकटा दीर गेला त्या दिवशी बोटीवर राहणाऱ्या एका बाईनं एक नेम धरला. रोज सकाळी बोटीवरच्या त्या सॉकेटचं बटण दाबायचं, ‘टक्’ ऐकायचं आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा. दीर इलेक्ट्रिशियन होता. वीज कुठं गळाली की आपोआप बंद पडणारं ते सॉकेट त्यानंच बसवलेलं. “वहिनी, पाण्यावर राहायचं तर ह्याच्याशी भांडू नका,” असं म्हणायचा. आणि स्वतः मात्र दुसऱ्याच्या बोटीवर, जिथं असलं सॉकेट नव्हतं, तिथं ओल्या हातानं पंप धरला आणि विजेच्या धक्क्यानं गेला. तिनं देवाजवळ एवढंच मागितलं : दोघांतला एक भाऊ नेलास, दुसरा, माझा नवरा, राहू दे.

सहा महिने नेम चुकला नाही. मग नवऱ्यानं बॅटरीवर चालणारा स्वस्तातला इन्व्हर्टर आणला. त्याची वीज सॉकेटला सोसेना. किटली लावली, टक्. पंखा लावला, टक्.

“दिरासारखंच हट्टी आहे तुझ्या!” नवरा वैतागला.

“मग इन्व्हर्टर बदला ना. सॉकेट राहू द्या.”

“अगं, देव करून ठेवलास त्याचा!”

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते दाट धुक्यात. ती बटण दाबायला गेली तर तिथं साधंच सॉकेट. जुनं सॉकेट नवऱ्यानं तारा कापून फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकलेलं.  त्या दिवशी ती पाणी प्यायली नाही.

दुपारी बोटीच्या पोटात पाणी साचलं. नवरा पँट दुमडून खाली उतरला. साध्या सॉकेटला लावलेला पंप गुरगुरला आणि अडकला. तो हात घालायला वाकला.

टक्.

“ऐकलंत?” तिनं फळीकडे पाहिलं.

“काय?”

टक्... टक्... टक्. डब्यातून. आणि तोच वास, ओल्या कापडाचा, जळक्या रबराचा. दिराचा शर्ट घरी आला होता तेव्हाचा.

नवऱ्याचा हात पाण्यावर वीतभर थबकला. “त्याला... तारच नाहीये गं...”

तिनं धावत जाऊन इन्व्हर्टर बंद केला. डबा गप्प झाला. मग दोघांनी पंप वर ओढला. वायरचं आवरण झिजून उघडी तार पंपाच्या पत्र्याला चिकटली होती.

तिनं डबा उघडला. बटण आत दाबलेलं. त्यावर अंगठ्याचा ओला ठसा, मधोमध आडवा व्रण. तसा व्रण दोघांच्याही अंगठ्यावर नव्हता. दिराच्या होता.

त्याच संध्याकाळी नवऱ्यानं इन्व्हर्टर परत केला. त्या सॉकेटशी जुळणारा आणला, सॉकेट पुन्हा भिंतीत बसवलं. मगच तिनं पाणी घेतलं.

आज इतकी वर्षं झाली. रोज सकाळी ती बटणाला हात लावते, तेव्हा ते आधीच ओलं असतं.

म्हणून सांगते बाई, तुझंही माणूस पाण्यावर राहतं. तूही धर हा नेम. आणि बटण कधी ओलं लागलं, तर पुसू मात्र नकोस.