एर्लिंडाचा वेगळा मांडव

“यंदा स्पर्धेची चिली नोएमी करेल, ताई,” रुफिनो म्हणाला, आणि बहिणीच्या नजरेला नजर न देता ताटलीतला मक्याच्या रोटीचा तुकडा उगाचच कुस्करत बसला.

एर्लिंडाच्या हातातली सुकी लाल मिरची हातातच राहिली. आई गेली तेव्हा या रुफिनोला बुटाच्या नाड्यासुद्धा बांधता येत नव्हत्या! त्याच्यासाठी तिने शाळा सोडली, त्याच्यासाठी मागणी घालायला आलेला एक चांगला, देखणा माणूस दारातून परत पाठवला, आणि दर शरदात चर्चच्या आवारात भरणाऱ्या स्पर्धेत आईच्या हातची ती मांसाची लालभडक चिली रांधून घराण्याचं नाव साऱ्या सान इसिद्रो गावाच्या तोंडी राखलं... आणि आज ती पळी परवा आलेल्या बाईच्या हातात!

“आणि मी काय करायचं?”

“तू बस ना निवांत. लोकांशी गप्पा मार. किती वर्षं त्या धुरात उभी राहिलीस...”

“म्हणजे मी म्हातारी झाले.”

“तसं नाही गं, ताई.”

“मग कसं?”

रुफिनोने बायकोकडे पाहिलं. उत्तर शोधायला त्याने तिच्याकडे पाहावं, यानेच एर्लिंडाचं अंतःकरण विदीर्ण झालं!

“मीच म्हटलं त्याला,” नोएमी हळूच म्हणाली. “हौस आहे मला. एकदा करून बघू द्या ना.”

“हौस! माझा भाऊ घेतलास, माझं घर घेतलंस, आता माझ्या आईची चिली तेवढी राहिली होती... तीही घे!”

नोएमीने मान खाली घातली. ही बाई कधी उलट बोलत नसे, आणि त्याचाच एर्लिंडाला सर्वांत अधिक संताप येई. भांडली असती तर निदान तिचा मोकळेपणाने द्वेष करता आला असता!

एक गोष्ट मात्र एर्लिंडाने कुणालाच, अगदी पाद्र्यालासुद्धा सांगितली नव्हती. गेल्या हिवाळ्यातला ताप उतरला तो तिची जीभ घेऊनच. ना वास, ना चव! कॉफी म्हणजे गरम पाणी, मिरची म्हणजे नुसती आग. पण हात तर जागे होते ना? जिऱ्याची चिमूट, मिठाची मूठ, सारं हातांना पाठ होतं. घरात कुणाला संशयसुद्धा आला नव्हता. सगळे मुकाट्याने जेवत होते. मग तिला बाजूला सारण्याचं कारण एकच, ती नोएमी! दुसऱ्याच दिवशी तिने चर्चमध्ये जाऊन स्वतःचं नाव वेगळं नोंदवलं.

स्पर्धेच्या सकाळी आवारात मांडवाला मांडव लागला होता. गिटार वाजत होती, लाकडांचा धूर डोळ्यांत जात होता, आणि मुख्य परीक्षक म्हातारा खाटीक एव्हारिस्तो पोटावर हात फिरवत हिंडत होता. “मांसाच्या चिलीत कुणी राजम्याची भेसळ केली असेल तर आत्ताच कबूल करा रे! म्हणजे मी जेवायला घरी जातो!”

एर्लिंडाला हसू आलं नाही. समोरच्याच मांडवात रुफिनो बायकोला कांदा चिरून देत होता. कांद्याने त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या तशी नोएमीने ओढणीच्या टोकाने ते पुसले, आणि दोघंही खळखळून हसली. लहानपणी ते डोळे कुणी पुसले होते रे? कुणी? मत्सराने तिच्या छातीत नुसता डोंब उसळला! त्या भरात तिने पातेल्यात मीठ टाकलं. मग टाकलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकलं. डोळे मात्र समोरून हलले नाहीत.

लोक तिच्या मांडवात येत, एक घास घेत, “वा, एर्लिंडा!” म्हणत, आणि घाईघाईने लिंबाच्या सरबताकडे वळत. ‘तिखट झालीय फर्मास,’ ती मनाशी म्हणाली.

लाकडं आणायला ती मांडवामागे गेली. परत येते तो काय... नोएमी तिच्या पातेल्यावर वाकलेली, आणि हातातल्या वाडग्यातलं काहीतरी आत सोडते आहे!

“पकडा हिला!” एर्लिंडा किंचाळली. “माझी चिली नासवते आहे! बघा सगळे, बघा हिचे गुण!”

गिटार थांबली. एव्हारिस्तो धापा टाकत आला. “नोएमी, दुसऱ्याच्या पातेल्यात हात घातलास तू?”

“हो, काका.”

“पण का गं पोरी?”

नोएमीने एकदा एर्लिंडाकडे पाहिलं. “ताईंची चिली फार चांगली झाली होती... मला बघवलं नाही.”

गर्दीतून छी-थू झाली. म्हाताऱ्याने जड आवाजात तिला स्पर्धेतून बाद केलं. नोएमीने कमरेचा एप्रन सोडला, तिथेच ठेवला, आणि माणसांच्या नजरा अंगावर घेत ती चर्चच्या मागे निघून गेली. एर्लिंडा जिंकली होती... मग तिला हर्ष का होत नव्हता?

“झालं समाधान?” रुफिनो जवळ आला होता. “बटाटे टाकत होती ती. सोललेले. मीठ शोषून घ्यायला. तुझी चिली तोंडात धरवत नाही, ताई!”

“खोटं!”

“हिवाळ्यापासून तुझ्या जिभेला काही कळत नाही, हे काय आम्हाला ठाऊक नाही? खारट, अळणी, काय असेल ते आम्ही गिळतो. गावापुढे तुझं हसं होऊ नये म्हणूनच तिने स्पर्धेची चिली मागून घेतली. मी सांगणार होतो तुला. तिने शपथ घातली मला. म्हणाली, ‘ताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांनाच खाऊ घातलं. त्यांचा माझ्यावर राग राहिला तरी चालेल, पण आपण रांधायला नालायक झालो असं त्यांना वाटता कामा नये.’”

एर्लिंडाने पळी पातेल्यात घातली. लाल रश्शातून बटाट्याची पांढरी फोड वर आली. मग दुसरी... मग तिसरी... क्षणभर ती मांडवाचा खांब धरून उभी राहिली. मग तिने डोळे पुसले, आणि तडक परीक्षकांच्या मंचावर चढून एव्हारिस्तोच्या हातातला माईक ओढून घेतला.

“ऐका! माझी जीभ मेलेली आहे. मला चव कळत नाही, वास कळत नाही. गावभर मिरवायला मिळावं म्हणून मी हे लपवलं. माझ्या पातेल्यात मीठ मीच ओतलंय, आणि ती पोर ते निस्तरत होती.” तिने नोएमीच्या रिकाम्या मांडवाकडे बोट केलं. “तिला बघवलं नाही, असं म्हणाली ना ती? साफ खोटं! बघवत नव्हतं ते मला... माझ्या भावाचा संसार सुखाचा चाललेला मला बघवत नव्हता!”

एव्हारिस्तोने टोपी काढून डोकं खाजवलं. “तिच्यावरचा डाग गेला, एर्लिंडा. पण नियम तो नियम. दोन्ही पातेली बाद.” आणि त्या वर्षीचा चषक शाळेची बस चालवणाऱ्या एका माणसाला मिळाला, त्याची चिली कुणालाच विशेष आवडली नव्हती.

नोएमी चर्चच्या मागच्या पायरीवर बसली होती. एर्लिंडाला पाहताच ती गडबडून उठली. “ताई, कशाला बोललात सगळ्यांपुढे? आता लोक काय म्हणतील तुम्हाला?”

“आणि तुला म्हणाले ते?” एर्लिंडाने तिचे दोन्ही हात धरले. “तोंडाने ताई म्हणतेस, आणि ताईच्या शिव्या अशा मुकाट्याने खातेस? एकदा तरी भांडायचं होतंस गं माझ्याशी...”

“भीती वाटायची.”

“कसली?”

“तुम्ही रांधणं सोडून द्याल याची,” नोएमी म्हणाली, आणि इतका वेळ थोपवलेले अश्रू तिच्या गालांवरून घळघळा वाहू लागले.

एर्लिंडाने तिला छातीशी घट्ट धरलं. रुफिनोला असं धरलं होतं, आई गेली त्या दिवशी... त्यानंतर कुणाला धरल्याचं तिला आठवेना.

“उद्यापासून मी रांधेन आणि चाखशील तू,” ती म्हणाली. “बिघडलं तर तोंडावर सांगायचं.”

“आणि तुम्ही रागावलात तर?”

“रागावेनच मी! तरी सांगायचं.”

रडता रडता नोएमीला हसू फुटलं. भिंतीच्या कडेला रुफिनो घुटमळत होता. पुढे यावं की न यावं हे त्याला उमगत नव्हतं.

“उभा काय राहिलास खांबासारखा?” एर्लिंडा ओरडली. “माझी भावजय सकाळपासून उपाशी आहे. जा, काहीतरी खायला आण तिला... आणि माझ्या पातेल्यातलं आणू नकोस!”