पुढची खोली

"तुम्हाला ठाऊकच होतं, वहिनी! म्हणून तर मागल्या खोल्या घेतल्या तुम्ही!"

धुळीनं माखलेला वैजनाथ उंबऱ्यातून ओरडला, आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आलेल्या कावेरीबाई जागीच थिजल्या...

रस्ता रुंद करायचा म्हणून सकाळीच नांदेडच्या त्या जुन्या गल्लीवर जेसीबी फिरला होता. धाकट्या दिराचं, वैजनाथचं, पुढचं घर आणि शिलाईचं दुकान त्यात गेलं. अन् कावेरीबाईंच्या मागच्या दोन अंधाऱ्या खोल्या एकाएकी रस्त्याच्या तोंडाला आल्या. घराच्या वाटणीपासून भर दुपारी दिवा लावणाऱ्या त्या बाईंच्या चुलीपर्यंत आज पहिल्यांदा ऊन पोचलं होतं, आणि त्या उन्हाचीच त्यांना लाज वाटत होती!

काय गल्ली होती ती! शेजारच्या सालेहाभाभींच्या शेवया आणि कावेरीबाईंचे पापड एकाच बाजेवर वाळायचे. शेळीनं तोंड घातलं की दोघी मिळून सालेहाभाभींच्या नवऱ्यावर, पाशामियाँवर, ओरडायच्या! त्यांचं सायकलचं दुकानही आज गेलं. उभा जन्म तिथं काढला, पण भाडेकरूला कसली भरपाई!

"आता दुकानं काढा इथं... राणी व्हा!" वैजनाथ पुन्हा कडाडला.

लेकरासारखं ज्याला जपलं, त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं का, देवा!

"बस कर, वैजनाथ!" मागून पाशामियाँ आले. "वाटणीला मी होतो. थोरला म्हणून पुढचं घर तुझ्या भावालाच, गेलेल्या लक्ष्मणरावालाच, ठरलं होतं. ह्या माउलीनं अडवलं. म्हणली, भावजीला दुकान लागतंय, आमचं अंधारात बी निभतंय. अन् मला कसम घातली, त्याला सांगू नका म्हणून..."

वैजनाथ वहिनीकडं वळला. "खरं हाय, वहिनी?"

"जुनं कशाला उकरायलात, मियाँ!" कावेरीबाई कातावल्या. मग दिराकडं न बघताच म्हणाल्या, "मशीन इथं आणा, भावजी. पुढची खोली तुमची. अन् मियाँ, तुमचा पंप दारात ठेवा. मी सरकते मागं."

पुन्हा मागंच! दुपारी मशीन आलं, तेव्हा त्या आपलं अंथरूण गुंडाळत होत्या. वैजनाथनं ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि तिथंच, उजेडात, पसरलं.

"अगोदर सुई ओवून द्या. मला दिसंना झालंय..."

"मला तरी कुठं दिसायलंय, भावजी!"

डोळे दोघांचेही भरले होते. सुई काही ओवली गेली नाही; पण कावेरीबाई तिथून उठल्याही नाहीत.