राखेवर दोन फूट माती

घाटनांदूरच्या फाट्यावर वारा सुटला आणि पुढच्या हायवा डंपरमधली राख तेजश्रीच्या अंगावर आली. स्कूटी, ओढणी, पापण्या... सगळं एका रंगाचं झालं. ती थांबली नाही. तिनं वेग वाढवला, हायवाला मागे टाकलं आणि स्कूटी रस्त्यात आडवी लावली.

करकचून ब्रेक लागले. केबिनमधून एक उंच तरुण उतरला, हातात पाण्याची बाटली.

"मरायचं होतं का, मॅडम?"

"ताडपत्री कुठाय?"

"आं?"

"राख झाकून न्यायची असते. ताडपत्री कुठाय?"

"फाटली." तो बघतच राहिला. "तुमी... आधी डोळे धुवा. लई लाल झालेत."

"ते रागानं झालेत."

"तरी छान दिसतात," तो बोलून गेला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

तो अंगद. वीजकेंद्रातली कोळशाची राख गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत भरायचा ठेका त्याच्या वडिलांकडे, विजयसिंहांकडे होता. त्या खाणीच्या तपासणीला येणाऱ्या सरकारी मॅडम त्या ह्याच, हे त्याला खाणीवर पोचल्यावर कळलं.

नियम साधा होता. राख ओली करून थराथरानं दाबायची. खाण भरली की वर दोन फूट चांगली माती, आणि मातीत झाडं. तरच जमीन पूर्ववत झाल्याचा दाखला. खाणीला लागून वच्छलाबाईंचं रान होतं. म्हातारीनं ओच्यातला कापूस तेजश्रीपुढं धरला. राखाडी.

"व्यापारी हात लावीना, बाई. आन् हिरीचं पाणी जनावर पिईना."

तेजश्री मग दर गुरुवारी येऊ लागली. अंगदनं पाण्याचे टँकर लावले, गाड्यांवर नव्या ताडपत्र्या दिसू लागल्या.

"नियमाला घाबरलात वाटतं?" तिनं एकदा विचारलं.

"नियमाला कोण घाबरतंय? तुमच्या कपाळावरच्या आठीला घाबरतो."

"आठी नियमाचीच आहे."

"मग नियम लई गोड हाय..."

ती हसली नाही. वळून चार पावलं गेली — आणि मग हसली. ओढणी सावरायच्या निमित्तानं तिनं मागे पाहिलं. तो तिथंच उभा होता. घरी परतताना तिच्या लक्षात आलं, गुरुवारची वाट आपणही बघतोय. ती सुखावली, आणि धास्तावलीही.

दाखल्याचा दिवस उजाडला. खाणीवर मांडव, खुर्च्या, शाल-नारळ. विजयसिंह स्वतः हजर. भरलेल्या खाणीवर हिरवी रोपं रांगेत उभी. तेजश्रीनं एक रोप धरून ओढलं. ते अलगद हातात आलं. मूळच नव्हतं, तोडलेली फांदी खोचली होती. तिनं माती उकरली. चार बोटांखाली राख.

"दाखला मिळणार नाही."

विजयसिंह हसले. "पोरी, एका फोनवर बदली होती. पार गडचिरोलीला."

"होऊ द्या. खड्डे तिथंही असतील, आणि ते असे झाकणारेही."

अंगद पुढं आला. "आबा, मी माती टाकायला सांगून लातूरला गेलतो. आन् तुमी फांद्या खोचल्या?"

"तू मधी बोलू नको."

"बोलणार. हितं टाकायची काळी माती आपल्या वीटभट्टीवर पडली हाय. ती हितं येईस्तोवर एक बी गाडी हलणार न्हाई." तो बाजूला गाड्या सुरू ठेवून थांबलेल्या ड्रायव्हरांकडे वळला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकेक इंजिन बंद होत गेलं.

तेजश्रीनं नकार लिहून सही केली. मग म्हणाली, "पुढची तपासणी मी करणार नाही. आमच्या मनिषा मॅडम करतील."

"कावून? घाबरलीस ना?" विजयसिंहांनी विचारलं.

"नाही." तिनं पेनाला टोपण लावलं. "तुमचा मुलगा मला आवडतो. आवडत्या माणसाचं काम तपासणं बरोबर नाही."

मांडवात बसलेल्या वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"हे... मला आधी सांगायचं ना," अंगद पुटपुटला.

"आधी सांगितलं असतं, तर माझ्या नकाराला कुणी किंमत दिली असती?"

"आन् माझं उत्तर?"

"माती पडल्यावर सांगा."

मनिषा मॅडम आणखी कडक निघाल्या. पहिल्या खेपेला त्यांनीही नकार दिला. दुसऱ्या खेपेला जागोजाग खणून माती मोजली, रोपांची मुळं पाहिली, तेव्हा कुठं सही केली. तोवर तेजश्रीची बदली झालेली होती. गडचिरोली नाही, नांदेड.

एका दुपारी ती ऑफिसातून बाहेर पडली, तर फाटकाशी अंगद. रापलेला, नखांत काळी माती.

"उत्तर द्यायला आलोय."

"इतक्या लांब? फोन होता की."

"फोनवर तुमचं तोंड कसं दिसलं असतं?"

ती लाजली. मग हळूच विचारलं, "आबांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणले, तिला केलीस तर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई."

"मग...?"

"मी म्हणलं, ठीक हाय. पाय ठेवायला नांदेड लई मोठं हाय."

भर दुपारी, भर रस्त्यात, सगळं ऑफिस खिडकीतून बघत असताना तेजश्रीनं त्याचा हात धरला.