सरी म्हणाल्या बारा जणी

ही गोष्ट खरी आहे. खोटी सांगायची असती तर मला याहून छान सांगता आली असती, आणि तिला एवढा वासही आला नसता.

जेवत असाल तर ताट आधी बाजूला ठेवा.

साल एकोणीसशे चौसष्ट. बेंगळूरच्या बाहेर, येलहंक्याच्या वाटेवर एक कारखाना होता. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपारचे सव्वाबारा.

माझे धाकटे दीर उपेंद्र तिथे नोकरीला होते. पुण्याहून आलेले, जयनगरात आमच्याच घरी राहायचे. कारखान्यात ऑपरेशनचे टाके घालायचा दोरा बनायचा. पोटात विरघळतो तो.

कशाचा बनतो ठाऊक आहे?

मेंढीच्या आतड्याचा.

रोज सकाळी पिंपं यायची. करडी, गिळगिळीत आतडी... अर्धी धुतलेली, अर्धी तशीच. बायका ती टाकीतल्या औषधात बुडवायच्या आणि बोटांनी खरवडायच्या. भाऊजी घरी आले की मी त्यांना तसंच मागच्या दारी नळावर पिटाळायची. "आधी अंघोळ, मग वहिनी म्हणा!" अंघोळीनंतरही माशा त्यांच्याच ताटावर बसायच्या.

त्यांचं स्वतःचं काम मात्र स्वच्छ होतं. हातात एक लांबलचक रजिस्टर. कारखान्यात प्रत्येक कामाची पद्धत कागदावर लिहिलेली असायची, वर नंबर आणि लाल शिक्का. कागद बदलला की जुना परत घ्यायचा. नवा प्रत्येक बाईला शिकवायचा, करून दाखवायचा, तिच्याकडून करून घ्यायचा. मग रजिस्टरात तिच्या नावापुढे तिचा अंगठा. अंगठा म्हणजे ही बाई शिकली.

भाऊजी काय करायचे?

नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे. कागद घडाघडा वाचायचे आणि विचारायचे, "समजलं का?"

बारा बायका एका सुरात म्हणायच्या, "सरी."

सरी म्हणजे कानडीत बरं, ठीक. पण तिकडच्या बाया कशालाही सरी म्हणतात. पाऊस आला, सरी. नवरा पळाला, सरी. काही कळलं नाही, तरी सरीच. पुण्याच्या माणसाला हे कोण सांगणार?

तीन नंबरच्या टाकीवर सकवारबाई होती. शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठ्यांतली, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारी. श्रावणात कागद बदलला. औषध तिप्पट कडक झालं. उघडा हात घालायचा नाही, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, शिंतोडा उडाला तर वीस मिनिटं नळाखाली.

त्या दिवशी सकवारबाई रजेवर होती. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तिला फाटकातच गाठलं.

"अंगठा लाव गं इथे."

"काय हाय अण्णा हे?"

"काही नाही. कालचं वाचन."

"सरी," ती म्हणाली, आणि अंगठा लावून गेली.

गेली ती थेट टाकीवर. हात उघडे.

संध्याकाळपर्यंत तिच्या हातांची साल उकडलेल्या बटाट्यासारखी निघून आली. त्या मांसात आतड्यांची घाण शिरली. हात सुजले, हिरवे पडले, दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी कुणी थांबेना.

आठव्या दिवशी ती गेली.

चौकशी झाली. साहेबांनी रजिस्टर उघडलं. अंगठा होता! मग लिहिलं गेलं, 'शिकवूनसुद्धा बाईचा निष्काळजीपणा.'

भाऊजी गप्प बसले.

महिन्याभराने ठरलं की तीन नंबरची टाकी तिच्या मुलीला द्यायची. अनुसूया तिचं नाव, विशीतली. गुरुवारपासून यायची होती.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं...

सोमवारी भाऊजींनी नेहमीसारखा दारातून कागद वाचला. समोर अकरा बायका. त्यांनी मोजल्या होत्या.

"समजलं का?"

"सरी."

आणि मग... एका श्वासाने मागे राहिलेली अजून एक...

"सरी."

ओली. तोंडात पाणी धरून बोलावं तशी. तीन नंबरच्या टाकीकडून.

तिथे कुणी नव्हतं.

भाऊजींनी रजिस्टर उघडलं. सकवारबाईच्या नावापुढे तिचा जुना, निळ्या शाईचा अंगठा होता. आणि त्याच्या शेजारी... एक नवा.

त्याला शाई नव्हती. बुळबुळीत, पिवळसर. वास तोच, पिंपाच्या तळाचा. त्यांनी रुमालाने पुसला, तर रुमालाला काहीतरी पातळ चिकटून आलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं.

त्यावर अंगठ्याच्या रेषा होत्या.

भाऊजींनी रुमाल तिथेच टाकला आणि मोरीवर जाऊन हात धुतले.

मंगळवारी तसे दोन अंगठे होते. बुधवारी चार.

त्यांनी फोरमन मालोजीरावांना पान दाखवलं. मालोजीराव तिथलेच, पान खाऊन दात लाल.

"अय्यो उपेंद्रा, स्वल्प शांत ऱ्हा की! बायांचे हात घाणेरडे, लागलं असल."

"ती मेलीय, मालोजीराव."

"मग तिचा कशाला असल? मुकाट्यानं त्या पानावर शाई सांड. उद्या दोन वाजता सरकारी इन्स्पेक्टर येतोय. पोरीचा अंगठा तेवढा बारा वाजता घेऊन ठेव. पुस्तक सरी, तर सगळं सरी."

त्या रात्री भाऊजी जेवले नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, उद्या एक मुलगी त्याच टाकीत हात घालणार आहे."

"मग शिकवा की तिला!" मी म्हटलं. "त्याचाच पगार घेता ना?"

गुरुवार. सव्वाबारा. बायका चिंचेखाली डबे खायला गेलेल्या. शेडमध्ये पिंपांवर माशांचा आवाज, बाकी काही नाही.

तीन नंबरच्या टाकीपाशी एक बाई उभी होती. पांढरा झगा, डोक्याला फडकं, तोंडावर बांधलेलं कापड. सगळ्याच तशा असतात.

"अनुसूया का?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

भाऊजींनी कागद वाचला. या वेळी सावकाश. "समजलं का?"

ते 'सरी'ची वाट बघत होते.

"तिळियलिल्ला, अण्णा," ती म्हणाली. समजलं नाही.

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा वाचला.

"तिळियलिल्ला. करून दाखवा."

भाऊजींनी टाकीत कधी हात घातला नव्हता! खुंटीवरचे हातमोजे चढवले. आत घाम होता, दुसऱ्या कुणाचा तरी, शिळा, चिकट. श्वास धरून हात बुडवला. आतडी मनगटाभोवती गुंडाळली गेली... गरम, जिवंत असल्यासारखी.

"हातमोजा पुरुषाच्या मापाचा हाय," ती मागून म्हणाली. "बाईचं बोट आत ऱ्हात न्हाई. आतडं सटकतं. मग बाई मोजा काढती. मग काय करायचं, अण्णा?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. भाऊजींनी सुतळी घेतली, बोटांच्या सांध्यापाशी आणि मनगटाशी मोजा बांधून दाखवला. आता पकड बसत होती.

"तिळियलिल्ला."

पुन्हा.

"तिळियलिल्ला."

पुन्हा!

पाऊण तास. तिचा वास वाढत चालला होता... टाकीचा नव्हे, तिचा. भाऊजी वैतागून म्हणाले, "बाई, जरा लांब उभी राहा गं!"

ती एक पाऊल मागे सरली.

मग तिने हातमोजे घेण्यासाठी हात पुढे केले. आणि भाऊजींना ते दिसले...

मनगटापासून खाली साल नव्हती. लाल, ओलं, मध्येमध्ये हिरवं. बोटांच्या टोकांतून काहीतरी टाकीच्या काठावर ठिबकत होतं.

तिने मोजे चढवले, सुतळी बांधली, न चुकता सगळं करून दाखवलं.

"सरी," ती म्हणाली.

भाऊजींनी डोळे मिटून रजिस्टरातलं सकवारबाईचं पान पुढे धरलं. पानावर ओलसर दाब आला. थोडा वेळ राहिला.

डोळे उघडले तेव्हा समोर टाकी होती फक्त. पानावरचे आधीचे बुळबुळीत अंगठे गेले होते, निळ्याच्या खाली एकच ओला उरला होता.

तेवढ्यात फाटकाकडून एक मुलगी धापा टाकत आली. "अण्णा, चुकलं! बस बंद पडली, चालत आले. मी अनुसूया."

भाऊजींनी रजिस्टर मिटलं. तिला पहिल्यापासून सगळं शिकवलं, सुतळीसकट.

दोन वाजता इन्स्पेक्टर आले. मालोजीराव डोळ्यांनी खुणावत होते. भाऊजींनी सकवारबाईचं पान स्वतः उघडलं आणि जुन्या निळ्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"हा खोटा आहे, साहेब. मी हिला शिकवलं नव्हतं."

"आणि हा खालचा?" इन्स्पेक्टरांनी नाकाला रुमाल लावला. "हा तर आत्ताचा दिसतोय!"

"हा खरा आहे," भाऊजी म्हणाले.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. पण चौकशीच्या कागदावरचा 'बाईचा निष्काळजीपणा' खोडला गेला आणि बायकांच्या मापाचे हातमोजे आले.

फाटकात अनुसूयेने त्यांना थांबवलं. दुपारचं सगळं त्यांनी तिला सांगून टाकलं. ती घाबरली नाही. एवढंच विचारलं,

"आईनं माझं काही विचारलं का, अण्णा?"

पाऊण तास ती समोर उभी होती आणि भाऊजींनी तिला कामापलीकडे फक्त लांब हो म्हटलं होतं.

आता भाऊजीही नाहीत. मी कितीतरी गोष्टींना मीठमसाला लावते, घरातले सगळे मला त्यावरून चिडवतात. या गोष्टीला लावायला माझा हात धजत नाही. मी एकदा त्यांना खोदून विचारलं होतं, तोंड तर बांधलेलं होतं, मग ती सकवारबाईच कशावरून? डोळे कसे होते तिचे?

भाऊजी बराच वेळ स्वतःचे हात पुसत राहिले.

"डोळ्यांकडे मी बघितलंच नाही, वहिनी," ते म्हणाले. "मला किळस येत होती."