ठिपकीची टोचणी

मांजर जैतूच्या डोक्यावर पडलं आणि हिरू खो-खो हसली. सुरुवात झाली ती इथून.

कर्जतचा बाजार अगदी ऐन भरात होता. विजेची आगगाडी नुकतीच धावू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. बाजाराच्या कडेला चिंचेखाली गुरांच्या दवाखान्याचे हरीभाऊ डॉक्टर टेबल मांडून बसले होते. पावसाळ्यात नदीपलीकडे एक कुत्रं पिसाळलं होतं. पिसाळलेलं कुत्रं चावलं की तो रोग चावलेल्याच्या अंगात शिरतो. मग ते कुत्रं असो, मांजर असो, नाहीतर माणूस. आणि एकदा का तो उमटला, की त्याच्यावर औषध नाही. म्हणून लस आधीच टोचून घ्यायची. डॉक्टरांनी गावोगाव दवंडी पिटवली होती, "कुत्री-मांजरं दोरीला बांधून आणा, दोन पैशांत टोचून न्या. चिठ्ठी नको, वशिला नको. आल्या पावली काम!"

टोचलेल्या जनावराच्या गळ्यात पितळी बिल्ला अडकवायचा. आणि ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही, त्याला उद्या सकाळपासून कचेरीची माणसं गोळी घालणार होती. दवंडीतलं हे शेवटचं वाक्य हिरूने नीट ऐकलं होतं.

म्हणून तर ती ठिपकीला घेऊन डोंगर उतरून आली होती. कोकराला घेतात तशी ठिपकी तिच्या खांद्यांवर आडवी. पुढचे दोन पाय इकडे, मागचे दोन तिकडे. हिरूच्या केसांत झेंडू, गळ्यात मण्यांच्या माळा आणि माळांवर कुत्री! अख्खा बाजार वळून बघत होता.

तेवढ्यात चंद्राबाई मास्तरीणबाईंच्या टोपलीचं झाकण उडालं. त्यांचा बोका सुटला तो थेट डॉक्टरांच्या मदतनिसाच्या पागोट्यावर. हा मदतनीस म्हणजे जैतू. खालापूरकडच्या ठाकरवाडीतला उंच, सावळा पोरगा. टोचताना जनावरं धरायची, हे त्याचं काम.

"हसतेस काय गं?" बोक्याची नखं सोडवत जैतू म्हणाला.

"मंग रडू का? पागोट्यापरीस बोकाच बरा दिसतो तुला!"

जैतूने मान वर केली. काहीतरी झणझणीत उत्तर द्यायचं त्याच्या मनात होतं... पण समोरचे डोळे बघून ते उत्तर कुठच्या कुठे गेलं. आणि तेवढ्यात बोका फिस्कारला. ठिपकीने हिरूच्या खांद्यावरून उडी घेतली, मिरच्यांचा ढीग उधळला, आणि डोंगराच्या दिशेने जी पळाली ती दिसेनाशीच झाली.

हिरूचं हसू मावळलं.

"माजी ठिपकी! तुज्या बोक्यानं पळवली!"

"माजा कुटं? मास्तरीणबाईंचा हाय तो."

"तू धरला नाय ना नीट! धरायचाच पगार खातोस ना रं?"

हे मात्र जैतूला लागलं. आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं बघून तर त्याला भर बाजारात उभं राहवेना. तो डॉक्टरांकडे गेला.

"डाक्टरसाहेब, हिच्या वाडीवर जाऊया."

डॉक्टरांनी उन्हाकडे बघितलं. "हिची वाडी कोंडाण्याच्या वाटेवरची ना? तिथून आज एक तरी कुत्रं आलं का रे?"

"नाय. एक आलं, ते पन गेलं."

डॉक्टर हसले. लसीच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलेल्या होत्या. ते मडकं त्यांनी स्वतः उचललं. "जुंप बैल. दिवस मावळायच्या आत उरकायचं."

बैलगाडी नदीकाठाने निघाली. डॉक्टर गाडीत, जैतू आणि हिरू गाडीमागून चालत. दोन्हीकडे कापलेल्या भाताचे भारे, हवेत गवताचा उबट वास.

"ठिपकीला दोरी का नाय लावली?" जैतूने विचारलं. "दोरी असती तर पळाली नसती."

"आमच्या वाडीत कुत्र्याला दोरी लावत नाय."

"कदीच?"

"लावतात की... कुत्रं दुसऱ्याला देताना. दोरी लावली, टोक दुसऱ्याच्या हातात दिलं, की कुत्रं त्याचं झालं. परत मागायचं नाय."

जैतू चालता चालता थांबला. "मंग आमची दवंडी ऐकून तुमाला काय वाटलं?"

"काय वाटणार? सरकार आमची कुत्री मागतंय... आनि वर दोन पैसे पन मागतंय!"

जैतू इतका मोठ्याने हसला की बैल दचकले. हिरूलाही हसू फुटलं. पण मग जैतू गंभीर झाला. "अगं, पन डाक्टर दोरीबिगर टोचत नाय. एकदा चावलंय त्यांना. आंगठा बघ त्यांचा."

"मंग रं?" हिरूचा आवाज बारीक झाला. "उद्या बंदुका येतील ना..."

"बघू," जैतू म्हणाला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी हाय ना."

हिरूने पायातला काटा काढायचं निमित्त केलं. काटा नव्हताच.

वाडीत शिरल्या शिरल्या सगळी कुडाची दारं बंद झाली. आतून कुत्र्यांचं गुरगुरणं तेवढं ऐकू येत होतं. खळ्यावर एकटा हिरूचा बाप, धाऊ, कोयता घेऊन उभा. ठिपकी त्याच्या मागे दडलेली.

"दोरी हाय तुज्या हातात," धाऊ जैतूला म्हणाला. "आदी ती खाली ठेव."

जैतूने डॉक्टरांकडे पाहिलं. मग दोरीचं वेटोळं केलं आणि लांब, गाडीत फेकून दिलं.

"अरे!" डॉक्टर म्हणाले. "मग धरणार कसं?"

"ज्याचं कुत्रं त्याच्या मांडीवर, डाक्टरसाहेब. डोळ्यांवर पदर नायतर फडकं. आनि तोंडाशी माजा हात."

"आणि चावलं तर?"

"चावंल तर मला चावंल. तुमाला नाय."

डॉक्टरांनी अंगठ्यावरचा जुना व्रण चोळला. शेवटी त्यांनी मडकं जमिनीवर ठेवलं आणि सुई उकळायला चूल मागितली.

हिरू खळ्यात मांडी घालून बसली. "ये गं बाय," तिने हाक मारली. ठिपकी आली. पण जैतूला बघून पुन्हा मागे सरली... जैतू हलला नाही. नुसता बसून राहिला, तळहात उघडा ठेवून. ठिपकीने तो तळहात हुंगला. बोक्याचा वास आला असावा, कारण ती शिंकली. मग मात्र हिरूच्या मांडीत येऊन बसली.

हिरूने तिच्या डोळ्यांवर पदर घातला. जैतूने आपलं मनगट ठिपकीच्या जबड्याशी आडवं धरलं. दोघांची डोकी इतकी जवळ आली की हिरूच्या केसांतल्या झेंडूच्या पाकळ्या जैतूच्या कपाळाला टेकत होत्या.

"हं..." डॉक्टर म्हणाले, आणि सुई गेली.

ठिपकी गुरगुरली. तिचे दात जैतूच्या मनगटावर मिटले. पण ठिपकीने दात रुतवले नाहीत; नुसतं धरून ठेवलं.

"झालं, झालं! सोड आता... सोड की गं!" हिरू पुटपुटली.

ठिपकीने तोंड उघडलं.

"तिनं सोडलंय," जैतू हळूच म्हणाला. "तू कदी सोडणार?"

हिरूने खाली पाहिलं. जैतूचा दुसरा हात तिने घट्ट पकडला होता. कधी, तिचं तिलाच ठाऊक नाही! तिने तो असा झटकला की सुरवंटच धरला होता जणू. आणि तिचे कान लालबुंद झाले.

ठिपकीच्या गळ्यात बिल्ला चमकला, तशी दारं एकेक करून उघडली. मग काय विचारता! म्हातारी सोनुबाई आपलं केसाळ कुत्रं कडेवर घेऊन आली आणि तिनेच डोळे मिटून घेतले. कोणी हसतंय, कोणी "अरं, माज्या नको, कुत्र्याच्या डोळ्यावं फडकं टाक!" म्हणून ओरडतंय. जैतू या मांडीकडून त्या मांडीकडे. मनगटावर दोन ओरखडे, तरी तोंडभर हसू. सगळ्यात शेवटी धाऊने कोयता बाजूला ठेवला आणि आपला शिकारी कुत्रा स्वतःच्या मांडीवर घेतला.

"धर रं पोरा," तो म्हणाला.

"धरला, मामा."

'मामा' ऐकून हिरूने एकदम चुलीत लाकूड सारलं. आत जागा नव्हती तरी.

ऊन डोंगराच्या कड्यावर चढलं. वाडीत बिल्ल्यावाचून एकही कुत्रं उरलं नव्हतं. डॉक्टर मडकं आवरू लागले. "एक काम राहिलं. लस टोचल्यावर कधी कधी जनावराला ताप येतो, क्वचित मागचे पाय लुळे पडतात. चार दिवस इथे कोणीतरी राहून लक्ष—"

"मी राहतो!"

"माझं बोलणं तरी पुरं होऊ दे!"

"राहतो ना पन!"

डॉक्टरांनी एकदा जैतूकडे पाहिलं, एकदा चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या हिरूकडे, आणि गालात हसत ते गाडीत चढले. धाऊने बराच वेळ विडी ओढली. मग म्हणाला, "ऱ्हा. पन सकाळी भात झोडायला लाग. बसून भाकर नाय घालत आमी."

"झोडतो, मामा!"

गाडी उतारावर दिसेनाशी झाली. हिरू पाण्याचा तांब्या घेऊन जैतूजवळ आली आणि त्याच्या मनगटावरचे ओरखडे धुऊ लागली. अगदी हलक्या हाताने.

"चार दिवसांनी जाशील ना?" तिने विचारलं. विचारताना मान वर केली नाही.

"चार दिवसांनी डाक्टरला सांगायचं हाय. कुत्री समदी बरी हायत म्हणून."

"आनि तू?"

"मी..." जैतू अडखळला. दिवसभर एकाही दाताला न घाबरलेल्या पोराचा आवाज आता कापत होता. "मी बरा नाय हिरू. दुपारपासनं. तू हसलीस ना... तवापासनं."

हिरू पाणी ओतायची थांबली. वाडीतली सगळी कुत्री एकदमच गप्प झाली असं तिला वाटलं.

"मंग रं? तुज्यावं लक्ष कुनी ठेवायचं?"

"तूच सांग."

हिरूने आता मान वर केली. ओठांत हसू, डोळ्यांत पाणी, आणि हातात त्याचा हात. या वेळी मात्र तिने तो झटकला नाही.

"मी ठेवंन," ती म्हणाली. "चारच दिवस नाय... जनमभर."