उपाशीपोटीची गोळी

"साठी उलटली म्हणून कुणी राणी होत नाही, सोराची आई! सार निवतंय, ये की आत!"

सासूबाईंची हाक स्वयंपाकघरातून अंगणात आली, तेव्हा मिओक वाळवणाच्या जाळीला धरून उभी होती. धरून म्हणजे खरोखरच धरून... सोडली असती तर तिथंच बसली असती! छातीत कुणी कुटत असल्यासारखं धडधडत होतं, बोटं थरथरत होती आणि अंगात थकवा असा मुरला होता की हा दिवस आपल्या वाढदिवसाचा आहे, याचाही तिला आनंद होईना.

"आले, आई," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती हेच म्हणत आली होती; आणि लेक सोरा झाल्यापासून सासूबाईंच्या तोंडी ती 'सोराची आई'च होती.

पुसानजवळच्या गिजांगच्या त्या किनाऱ्यावर मियकवरच घरं चालत. मियक म्हणजे समुद्रातलं काळंहिरवं शेवाळ. बाळंतिणीला त्याचंच सार, वाढदिवसालाही त्याचंच सार. फक्त परीक्षेच्या दिवशी त्याला कुणी शिवत नसे, कारण ते निसरडं, खाल्लं तर पोरगं घसरेल! वर्षभर चुलीकडे न फिरकणाऱ्या सासूबाई, बुनिमबाई, सुनेच्या वाढदिवशी मात्र पहाटे उठत, वाकलेल्या कमरेनं स्वतः सार करत आणि करताना तोंडाचा पट्टाही चालू ठेवत. त्या घरात मिओकच्या वाट्याला आलेली माया म्हणाल तर एवढीच, वर्षाकाठी एक वाटी.

आणि नेमकं तेच डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं होतं! गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली आहे, रोज उठून शेवाळ खाऊ नका, गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या आणि मग अर्धा तास काही खाऊ नका. मिओकनं मान डोलावली होती. पण मियकवाल्यांच्या घरात सून मियक खात नाही, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि अर्धा तास? सासूच्या घरात सुनेला सकाळचा अर्धा तास कुठून मिळणार? ती चुलीपुढं उभ्याउभ्याच गोळी गिळी आणि लगेच साराचं मीठ चाखून बघे.

नवरा गेल्यावर थकवा वाढला. त्याच शरदातल्या सणाला धाकटे दीर तेसक पुसानहून आले होते आणि भरल्या ताटावरून म्हणाले होते, "वहिनी, तुमच्याच्यानं होतंय तोवर ठीक. ज्या दिवशी तुम्ही आडव्या व्हाल, त्या दिवशी आईला वृद्धाश्रमात नेईन. आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही."

बुनिमबाई तेव्हा शेजारच्या खोलीत होत्या. त्यांनी ते ऐकलं नाही, आणि मिओकनं कधी सांगितलंही नाही. आईंना त्या पांढऱ्या भिंतींच्या घरात, अनोळखी बायकांच्या रांगेत निजवायचं? समुद्राचा आवाज आला नाही तर ज्यांना झोप लागत नाही, त्यांना? नाही! मी आडवी होणारच नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. आणि एका गोळीच्या जागी ती दीड घेऊ लागली, पुढं दोन.

गोळ्या लवकर संपत. "बाटली समुद्रात पडली हो," असं ती दवाखान्यात सांगे, आणि होडीवर जाणाऱ्या बाईवर कोण अविश्वास दाखवणार! मागच्या रक्ततपासणीत थायरॉइडचा तो टीएसएचचा आकडा पार शून्याला टेकला, तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं! साखर कमी झालेली चांगली, रक्तदाब कमी झालेला चांगला, तसंच हेही असणार. तो आकडा बघून डॉक्टरांनी बोलावलेल्या तारखेला ती गेलीच नाही. थकवा जात नव्हता, छाती धडधडत होती, झोप उडाली होती... म्हणजे गोळी अजून पुरत नाही, असा तिनं सरळ अर्थ लावला.

"अगं येतेस की तुला पालखी धाडू?" पुन्हा हाक आली.

मिओक आत गेली. साराची वाटी हातात घेतली, उंबऱ्याशी पाय अडखळला. पडताना तिनं उजवा हात टेकला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

"सांडलंस! वर्षातून एकदा करते मी, तेही..." बुनिमबाईंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. सुनेचं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. वाटी तशीच पडून होती, शेवाळाच्या पट्ट्या लाद्यांवर पसरल्या होत्या आणि मिओक रडत रडत म्हणत होती, "चुकलं, आई... पुसून घेते... आत्ता पुसून घेते..."

शेजाऱ्याच्या टेम्पोतून दोघी शहरातल्या इस्पितळात गेल्या. हाताला प्लास्टर झालं, रक्त तपासलं, हाडांचा फोटो काढला, त्यांची घनताही मोजली. दोन दिवसांनी निकाल घ्यायला बोलावलं, तेव्हा बुनिमबाई हट्टानं बरोबर आल्या. "हिला काही विचारता येत नाही," त्या म्हणाल्या. "नुसती मान डोलावते."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन्ही निकाल त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. "हाडांच्या घनतेचा आकडा उणे तीनच्या खाली गेलाय, म्हणजे हाडं पार ठिसूळ झालीत. उभ्याउभ्या पडून मनगट मोडतं ते उगीच नाही. गोळी किती घेता?"

"डॉक्टरांनी सांगितली तेवढीच," मिओक म्हणाली.

"मग टीएसएच असा नसता. खरं सांगा, मी रागावणार नाही."

मिओक प्लास्टरकडे बघत अगदी हळू म्हणाली, "दोन. कधी... अडीच. पण आकडा तर कमी आलाय ना? चांगलाच आहे ना तो?"

डॉक्टरीणबाईंनी म्हातारीकडे पाहिलं आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं. "आजी, सून कामात ढिली पडली तर तुम्ही काय करता?"

"हाका मारते. दुसरं काय करणार?"

"अजून ढिली पडली तर?"

"अजून मोठ्यानं मारते!"

"टीएसएच म्हणजे तीच हाक. मेंदू गळ्यातल्या ग्रंथीला मारतो ती. ग्रंथी काम करेना की हाक वाढते, आकडा वाढतो. गोळी बरोबर बसली की हाक बेताची होते. पण हाक अजिबातच येईनाशी झाली, तर घर बरं चाललंय असं समजायचं नाही. सून गरजेपेक्षा जास्त राबतेय, शरीर रात्रंदिवस दौडतंय, आणि त्या दौडीत हाडं झिजतायत. पाळी गेलेल्या बाईची तर लवकरच झिजतात. हा थकवा गोळी कमी पडल्याचा नाही, बाई. जास्त झाल्याचा आहे."

बुनिमबाई एकदा आकड्याकडे आणि एकदा सुनेकडे पाहत होत्या.

"का गं?" शेवटी त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. "का घेतल्यास?"

"आई... जाऊ द्या ना..."

"सोराची आई, मी विचारतेय!"

मग मात्र मिओकचा बांध फुटला. "मी आडवी झाले की तुम्हाला वृद्धाश्रमात नेणार होते! भावोजी म्हणाले होते... मला उभं राहायचं होतं, आई. मला फक्त उभं राहायचं होतं!"

म्हातारीच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. ती रडली नाही. फक्त काठीवरची तिची मूठ घट्ट होत गेली.

"आणि मी हिला आळशी म्हणत आले," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "उभं आयुष्य म्हणत आले. माझ्या साराची वाटी... तीही हिला बाधली का?"

"वाढदिवसाच्या एका वाटीनं काही होत नाही, आजी. रोजचं बंद करा. गोळी एकच, साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास काही नाही. कॅल्शियम देतेय, पण ते दुपारच्या जेवणानंतर, गोळीच्या आसपास नको. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. हाडांचं औषध वेगळं सुरू करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिओक उठून बाहेर आली तर ओसरीवर एक बोचकं बांधून ठेवलं होतं आणि त्याच्याजवळ सासूबाई चपला घालून बसल्या होत्या.

"आई, हे काय?"

"तेसकला फोन केलाय. ने म्हटलं मला. माझ्यापायी तुझी हाडं झिजली, आता राहिलेली तरी राहू देत."

मिओकला वाटलं, आपण इतकी वर्षं जी एक गोष्ट टळावी म्हणून झिजलो तीच आता चपला घालून दारात बसली आहे! तिचे डोळे भरून आले. पण तोंडून शब्द आले ते निराळेच, चिडलेले... सासूच्या घरात जन्म घालवलेल्या सुनेचे.

"जा ना, खुशाल जा! आणि मी एका हातानं मुळा कसा चिरू? सार कोण करणार? भावोजी?"

बुनिमबाईंनी मान वर केली.

"सरकारी मदतनीस बाई मिळते म्हणाल्या डॉक्टरीणबाई," मिओक पुढं म्हणाली. "तुम्हाला उठताना हात द्यायला, न्हाऊ घालायला. इतकी वर्षं आपण नको म्हणत आलो, परकी बाई घरात नको म्हणून. येऊ दे तिला. पण तुम्ही... तुम्ही इथंच राहा, आई."

म्हातारीनं खाली वाकून, कण्हत, एकेक चप्पल काढली. "तेसकला सांग पेट्रोल जाळू नकोस म्हणून," ती म्हणाली आणि काठी टेकत आत गेली.

मिओक सवयीनं तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरली. डाव्या हातानं गोळीची बाटली काढली, एकच गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली आणि पातेल्याकडे वळली.

"कुठं निघालीस?"

"सार टाकते, आई."

"मुळ्याचं मी पहाटेच टाकलंय, मियकचं नाही." बुनिमबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मग सुनेचा खांदा धरून तिला चुलीजवळच्या उबदार जमिनीकडे वळवलं, आणि त्या घरात आजवर जी हाक कधीही ऐकू आली नव्हती ती दिली.

"अर्धा तास आहे अजून. बस."

"आई, पण..."

"बस म्हटलं ना!"

मिओक बसली.